रेषा यंत्राची, उत्तरदायित्व वैद्याचे

शेताचा बांध हातभर सरकला तर दोन पिढ्या न्यायालयाच्या पायऱ्या झिजवतात. शरीरातील एखाद्या ग्रंथीची सीमा अर्धा सेंटिमीटर सरकली तर मात्र कोणी दाद मागत नाही; रुग्णाला ते कळतच नाही. सोनोग्राफीच्या चित्रात प्रोस्टेट ग्रंथीची बाह्यरेषा आखण्याचे काम संगणकाकडे जात असताना सुजाणांनी या सीमेचा विचार करावयास हवा.

मूत्राशयाखाली, मूत्रमार्गाला वेढून असलेली ही ग्रंथी तारुण्यात अक्रोडाएवढी असते. उतारवयात ती वाढते. तिच्या लांबी, रुंदी व उंचीच्या गुणाकारास ०.५२ने गुणले की आकारमान मिळते. मापे ५, ४.४ व ४.४ सेंटिमीटर असतील तर ते सुमारे ५० घनसेंटिमीटर भरते. प्रत्येक माप अर्ध्या सेंटिमीटरने कमी घेतले तर जेमतेम ३६. रक्तातील ‘पीएसए’चे प्रमाण ६ असेल, तर त्यास आकारमानाने भागून एकदा ०.१२ आणि एकदा ०.१७ असे उत्तर येते. ०.१५च्या पुढे कर्करोगाची शंका बळावते व बायॉप्सीचा विचार होतो. रुग्ण तोच, रक्त तेच. बदलली ती केवळ रेषा! ग्रंथीत किरणोत्सर्गी कण रोवण्याच्या उपचारात तर मात्रेचे नियोजन याच रेषेवर चालते आणि गुदाशय तिला अगदी लागून असतो.

सोनोग्राफीचे चित्र ठिपक्यांनी भरलेले, धूसर असते. १९८७मध्ये कास, विट्किन व टर्झोपौलोस यांनी ‘स्नेक’ ही पद्धत मांडली. रबरी कड्यासारखी ही रेषा आक्रसत, ताणत वस्तूच्या कडेला जाऊन बसते; परंतु भलत्याच छायेलाही ती चिकटते. पुढे मँचेस्टरच्या कूट्स व टेलर यांनी अवयवाचा संभाव्य आकार संगणकास आधी शिकविण्याची पद्धत रूढ केली. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे २०१५ साली सिद्ध झालेले ‘यू-नेट’ तज्ज्ञांनी आखलेल्या रेषांवरूनच शिकते.

खरी मेख येथेच आहे. ग्रंथीच्या वरच्या व खालच्या टोकांशी कडा इतकी अस्पष्ट असते की, दोन निष्णात तज्ज्ञांच्या रेषाही जुळत नाहीत. गुरूची चूक शिष्याकडे येते. फरक इतकाच की, गुरू अडखळतो आणि यंत्र तीच रेषा निःशंकपणे ओढते. शिवाय एका बनावटीच्या यंत्रावरील चित्रांवर शिकलेला अल्गोरिदम दुसऱ्या बनावटीच्या यंत्रावर चुकू शकतो.

म्हणून या तंत्राकडे पाठ फिरवावी काय? मुळीच नाही. ते श्रम वाचविते. सकाळी व सायंकाळी एकाच मापाने मोजते. मात्र रुग्णालयांनी ते आपल्या यंत्रांवर, आपल्या रुग्णांच्या चित्रांवर पारखून घ्यावे. भारतीय संस्थांनी रुग्णांच्या संमतीने चित्रांचे स्वतःचे संग्रह उभारावेत. प्रत्येक रेषा वैद्याने डोळ्यांखालून घालावी, चुकली असेल तेथे दुरुस्त करावी आणि मगच स्वाक्षरी करावी. शेताच्या मोजणीचा नकाशादेखील अधिकाऱ्याच्या सहीवाचून ग्राह्य धरला जात नाही. घरातील वडीलधाऱ्यांच्या देहावर आखलेली रेषा त्याहून स्वस्त कशी मानता येईल?