नदीकाठचं गाव कसं बघायचं?

बालमित्रांनो, सुट्टीत परगावी गेलं की आपण देऊळ बघतो, किल्ला बघतो, भेळ खातो आणि परततो. पण गाव नदीकाठचं असेल, तर आणखी दोन प्रश्न जरूर विचारा. इथे लांबून कोण कोण आलं होतं? आणि पुराचं पाणी कुठपर्यंत चढतं?

थायलंडमधलं अयुथ्या बघा. १३५१ साली वसलेल्या या राजधानीचं नाव आपल्या अयोध्येवरून पडलं. तिच्याभोवती तीन नद्यांचा वेढा. गलबतं थेट शहरापर्यंत येत. जपानी आणि पोर्तुगीज वस्त्यांच्या जागा तिथे आजही दाखवतात. पावसाळ्यात भोवतालची शेतं बुडाली की शत्रूला वेढा उठवावा लागे. म्हणजे नदीच राखणदार! पण एकदा ब्रह्मदेशाचं सैन्य पुरातही हललं नाही आणि १७६७ साली अयुथ्या पडलं. २०११ च्या पुरात तर त्याच नद्यांचं पाणी तिथल्या जुन्या मंदिरांत शिरलं.

तुम्ही म्हणाल, थायलंडला आम्हाला कोण नेणार? अहो, आपलं कोल्हापूर आहे की! पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तिथे १९४४ ते १९४६ च्या दरम्यान झालेल्या खोदकामात सातवाहनकाळच्या घरांचे अवशेष निघाले. त्यांच्याबरोबर पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटीशी कांस्यमूर्तीही मिळाली! समुद्राचा देव घाटावर कसा आला? रोमन साम्राज्याशी व्यापार करणारी जहाजं मोसमी वाऱ्यांवर पश्चिम किनाऱ्याला लागत. तिथला माल मग घाट चढून वर येई. टाऊन हॉलच्या संग्रहालयात ही मूर्ती पाहायला विसरू नका.

आता दुसरा प्रश्न. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ साली पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. कितीतरी कुटुंबांना घरदार सोडून बाहेर पडावं लागलं.

तेव्हा येत्या रविवारी आई-बाबांना घेऊन ब्रह्मपुरीवर जा. नदीकडे बघा आणि आपसांत ठरवा, घर बांधायला तुम्ही कुठली जागा निवडली असती? खाली उतरलात की नदीकाठच्या एखाद्या आजोबांना विचारा, "पाणी कुठवर आलं होतं?" ते भिंतीवर जिथे हात ठेवतील, ती उंची वहीत लिहून ठेवा. पुढच्या पावसाळ्यात ती कुणाच्या तरी उपयोगी पडेल.