पहिल्या टाकीत एकाच जातीचे मासे ठेवा



'प्राण्यांचा निवारा' शिकवताना वर्गात माशांची टाकी असावी, असं मला फार दिवसांपासून वाटत होतं. गेल्या वर्षी एका पालकांनी जुनी टाकी दिली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. शनिवारी शाळा सुटल्यावर मी दुकानात गेले आणि रंग बघून दहा मासे घेतले: दोन गोल्डफिश, दोन गप्पी, तीन टायगर बार्ब, दोन एंजल आणि 'काच साफ करतो' म्हणून एक सकर. दुकानदार म्हणाले, "सगळे एकत्र राहतात, मॅडम." सोमवारी मुलं टाकीसमोरून हलायला तयार नव्हती.

चौथ्या दिवशी गप्पींच्या शेपट्या कुरतडलेल्या दिसल्या. आठवड्यात गोल्डफिश वर येऊन तोंड उघडझाप करू लागले. दोन आठवड्यांनी टाकीत उरले तीन टायगर बार्ब आणि सकर. एक मुलगा सहज म्हणाला, "मॅडम, नवीन आणू ना, स्वस्तच मिळतात." आणि शेवटच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "आपणच मारले का ते?"

मला उत्तर देता आलं नाही, कारण उत्तर 'हो' होतं. म्हणून हा लेख. माझं मत सरळ आहे: घरातल्या किंवा वर्गातल्या पहिल्या टाकीत एकाच जातीचे मासे ठेवावेत, आणि ती जात रंगावरून निवडू नये. आपलं पाणी, आपली थंडी आणि आपली टाकी बघून निवडावी.

माझं नेमकं काय चुकलं?

टायगर बार्ब हा खोडकर मासा. सहा-सातचा घोळका असेल तर आपसात पळापळ करतो. दोघं-तिघंच असले की दुसऱ्यांच्या लांब शेपट्या आणि पर कुरतडतो. गप्पी आणि एंजल यांना तर लांब पर हेच भूषण. म्हणजे मीच त्यांना बार्बच्या तोंडी दिलं.

गोल्डफिशला थंड पाणी मानवतं, साधारण 18 ते 22 अंश. एंजलला 25 ते 28 अंश लागतं. दोघांना एका टाकीत ठेवलं की कुणाचे तरी हाल ठरलेले. शिवाय गोल्डफिश भरपूर खातो, भरपूर घाण करतो आणि वीतभर मोठा होतो. नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. आपण मात्र त्याला काचेच्या गोल भांड्यात ठेवून महिन्यात मारतो आणि 'मासे नाजूकच असतात' म्हणतो.

आणि सकर! दुकानात बोटाएवढा दिसतो, पण वाढून फूट-दीड फुटाचा होतो. दोन फुटांच्या टाकीत तो वळणार तरी कसा?

न दिसणारी चूक

सगळ्यात मोठी चूक डोळ्यांना दिसत नव्हती. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया उतरतो. तो विषारी असतो. जुन्या टाकीत काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट बऱ्याच कमी त्रासाचं असतं आणि थोडं थोडं पाणी बदललं की निघून जातं. हे जिवाणू वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजवर वाढतात, पण त्यांना चार ते सहा आठवडे लागतात. मी तर टाकी भरली आणि दुसऱ्याच दिवशी दहा मासे सोडले. पाणी स्वच्छ, पारदर्शक होतं. पण पारदर्शक पाणी सुरक्षित असतंच असं नाही, हा धडा मुलांबरोबर मीही शिकले.

गणिताच्या तासाला टाकी

आम्ही टाकी मोजली. 60 गुणिले 30 गुणिले 30 म्हणजे 54,000 घनसेंटिमीटर, म्हणजे 54 लिटर. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर 45 लिटर. लहान माशांसाठी एक ढोबळ नियम वापरतात: माशाच्या एक इंच लांबीला चार लिटर पाणी. म्हणजे आपल्याला साधारण 11 इंच मासे परवडतात. लांबी मात्र पूर्ण वाढलेल्या माशाची धरायची, दुकानातल्या पिलाची नाही. मुलांनीच हिशोब केला आणि एकजण म्हणाला, "मॅडम, एक सकर आला की टाकी फुल्ल!"

घोटावड्यात कोणते मासे?

आमच्याकडे बऱ्याच घरांत बोअरचं पाणी. भांड्यांवर पांढरा थर बसतो, म्हणजे पाणी जड. निऑन टेट्रासारख्या माशांना मऊ पाणी आवडतं. गप्पी, मोली, प्लॅटी यांना जड पाणी चालतं. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन जाण्यासाठी बादलीत दिवसभर उघडं ठेवावं.

दुसरी गोष्ट थंडी. मुळशीत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्याच गार. हीटर नसेल तर गप्पी आजारी पडतात. हीटर घेतला तरी पावसाळ्यात लाईट जाते, हवेचा पंपही बंद पडतो. म्हणून मासे कमीच हवेत.

या सगळ्यात बसणारा मासा म्हणजे झेब्रा डॅनिओ. दीड इंचाचा, निळ्या पट्ट्यांचा, चपळ, मूळचा आपल्याच देशातल्या ओढ्या-नद्यांमधला. थोडं थंड पाणी सोसतो. त्याला घोळका लागतो, म्हणून सहा घ्यावेत. सहा गुणिले दीड म्हणजे नऊ इंच, हिशोबात बसतात. दुसरा पर्याय प्लॅटी, पण सगळे नर घ्या. माद्या असतील तर महिन्या-दोन महिन्यांत पिलंच पिलं होतात आणि मग द्यायची कुणाला हा प्रश्न येतो.

काहीजण म्हणतील, एकाच जातीची टाकी मुलांना कंटाळवाणी वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण सहा झेब्रे एकत्र वळतात कसे, पुढे कोण, खायला आधी कोण येतो, हे मुलं बघत बसतात. दहा घाबरलेल्या माशांपेक्षा सहा निवांत मासे जास्त शिकवतात.

नको झालेला मासा नदीत सोडू नका

सकरचं काय करायचं, हा प्रश्न राहिला होता. एक पालक म्हणाले, "मुळेत सोडून देऊ, बिचारा जगेल तरी." हेतू चांगला होता. पण सकर मूळचा दक्षिण अमेरिकेतला. अंगावर हाडांचं कवच, त्यामुळे त्याला खाणारे इथे फारसे कुणी नाहीत. कमी ऑक्सिजनच्या पाण्यातही तो वर येऊन हवा घेऊन जगतो. मुळेचं पाणी पुण्यात मुठेला मिळतं, पुढे भीमेला आणि तिथून उजनीला जातं. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात सकर सापडल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत आल्या आहेत. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला भाव नाही. आपली दया तिकडे कुणाच्या तरी पोटावर येते. मासा नको झाला तर दुकानात परत द्या किंवा मोठी टाकी असणाऱ्याला द्या. आम्ही चारही मासे दुकानात परत दिले.

त्यानंतर महिनाभर टाकीत मासा नव्हता. फक्त पाणी, वाळू, चालू फिल्टर आणि जिवाणू वाढावेत म्हणून रोज चिमूटभर खाद्य. इतर वर्गांतली मुलं हसायची, "तुमची टाकी रिकामी!" आमची मुलं ठणकावून सांगायची, "रिकामी नाहीये, जिवाणू आहेत त्यात." सहाव्या आठवड्यात सहा झेब्रे आले.

एक मध्ये मेला. तेव्हा 'नवीन आणू' असं कुणी म्हटलं नाही. त्याच मुलाने विचारलं, "मॅडम, पाणी कधी बदललं होतं आपण?" आणि वही काढून तारीख बघितली.

पालकहो, वाढदिवसाला मुलाला मासे द्यायचे असतील तर आधी नुसती टाकी द्या, आणि मासे महिन्या-दीड महिन्याने आणा. मधल्या दिवसांत मूल वाट बघायला शिकेल. मासा जगवायला पहिली गोष्ट तीच लागते.