क्लास न लावता पायलट?

बऱ्याच दिवसांनी ब्लॉगवर लिहायला बसलेय, त्याला कारण आमच्या घरात गेले दोन महिने चाललेला वाद. माझ्या भाचीला पायलट व्हायचंय. बी.एस्सी. झालीय आणि सध्या पार्ल्याच्या घरी बसून डीजीसीएच्या लेखी परीक्षांचा अभ्यास करतेय. क्लास लावलेला नाही. त्यावरून समस्त नातेवाईक हवालदिल! "एवढी मोठी परीक्षा, आणि घरी बसून?" प्रत्येकाला फोनवर वेगळं समजावण्यापेक्षा माझं मत इथेच लिहून टाकते. (काका, तुम्ही वाचताय हे माहीत आहे. :))

युरोपात स्वतःचं स्वतः वाचून थेट परीक्षेला बसता येत नाही, मान्यताप्राप्त संस्थेचा कोर्स करावाच लागतो. आपल्याकडे नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, नियम, टेक्निकल हे पेपर द्यायला क्लासचा दाखला लागत नाही. कॉम्प्युटर नंबर काढायचा, फी भरायची आणि ७० टक्के मिळवायचे. खरा पैसा लागतो तो पुढे. कमर्शियल लायसन्ससाठी २०० तासांचं उड्डाण लागतं, आणि सगळा खर्च अर्ध्या कोटीच्या पुढे सहज जातो. भावजी त्यासाठी राहता फ्लॅट तारण ठेवायला निघालेत. म्हणूनच मला हा घरचा अभ्यास महत्त्वाचा वाटतो. काही हजारांच्या पुस्तकांत सहा महिने डोकं घालून बसल्यावर कळेल, की पोरीला हे काम आवडतंय की नुसता युनिफॉर्म. मेडिकल मात्र पुस्तकांच्याही आधी. ते तिने करून घेतलंय.

आता माझी खरी काळजी. ती क्लासची नाही, प्रश्नसंचांची आहे. पर्यायी उत्तरांचे प्रश्न, चुकलं तर गुण कापत नाहीत, मग हजारो प्रश्न घोकायचे आणि "बी" वर टिचकी मारून मोकळं व्हायचं. क्लासमध्येही हेच चालतं आणि घरीही चालू शकतं. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाताना सेटिंग बदललं नाही, तर अल्टिमीटर खऱ्यापेक्षा जास्त उंची दाखवतो, हे उत्तर एका ओळीत पाठ होतं. पण १० हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे जवळजवळ ३०० फूट, तीस मजल्यांची इमारत, आणि खाली सह्याद्री आहे, हे डोळ्यांसमोर आलं तर ते उत्तर विसरणं अशक्य.

समजून न घेतलेला आकडा काय करतो, याचं उदाहरण कॅनडातलं आहे. २३ जुलै १९८३, एअर कॅनडाचं नवंकोरं बोइंग ७६७. इंधनाचे काटे बंद, म्हणून टाक्यांतलं इंधन लिटरमध्ये मोजून हिशेब केला. विमान किलोवालं होतं, पण गुणायला सवयीचा १.७७ घेतला. तो पाउंडांचा! किलोसाठी ०.८ हवा होता. २२,३०० किलो लागणार होतं, भरलं २२,३०० पाउंड, म्हणजे निम्म्याहूनही कमी. ४१,००० फुटांवर इंजिनं बंद पडू लागली. कॅप्टनला ग्लायडरची सवय होती, म्हणून गिम्लीच्या जुन्या हवाई तळावर विमान उतरलं आणि सगळे वाचले. गुणाकार बरोबर होता हो, पण १.७७ म्हणजे कशाचे किती, हे कुणी विचारलं नाही.

हवामानशास्त्र तर मला घरीच शिकायचा विषय वाटतो. विंग कमांडर जोशींचं पुस्तक आहेच, पण वर गच्चीही आहे. मुंबई विमानतळाचा हवामान अहवाल दर अर्ध्या तासाने निघतो. भाची तो उलगडते आणि गच्चीवर जाऊन ढग तसेच आहेत का बघते. वर जाताना किलोमीटरला साडेसहा अंश तापमान उतरतं, हा नियम तिने मला महाबळेश्वरवरून समजावला. १३५० मीटर, म्हणजे कोकणापेक्षा आठ-नऊ अंश गार. (इतकी वर्षं स्वेटर नेतोय, कारण आत्ता कळलं!)

क्लासचे फायदे नाहीत असं नाही. तो गोल फ्लाइट कॉम्प्युटर कुणीतरी हातात धरून दाखवला तर चार दिवसांचं काम एका दुपारी होतं. आणि रेडिओची परीक्षा, आरटीआर, एकट्याने होणारच नाही. ती बोलायची परीक्षा. समोरून कुणी घाईत सूचना द्यायला हवी आणि तुम्ही ती न चुकता परत म्हणायला हवी. सध्या आमची आई स्वयंपाकघरातून टॉवर चालवते. "रनवे टू सेव्हन, थांब जरा, कुकर उतरवते." असा टॉवर परीक्षेत मिळायचा नाही, तेव्हा यासाठी शिक्षक शोधा आणि पैसे द्या, असं मी भावजींना स्पष्ट सांगितलंय.

बाकीच्या विषयांना तिला घरीच बसू दे. नेव्हिगेशन आणि हवामानशास्त्राचा निकाल हातात येईपर्यंत फ्लॅटचे कागद कपाटातच राहू देत. आणि नाशिकची आत्या, "मुलगी दिवसभर गच्चीवर काय करते" हे कृपया पुन्हा विचारू नकोस.