फलक कुणाचा?

आमच्या भागातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आठ मार्चला मला बोलायला बोलावले होते. लाठीकाठीची प्रात्यक्षिके झाली, मेंदी स्पर्धेची बक्षिसे वाटली गेली, 'निर्भय' हा शब्द दहादा ऐकला. बाहेर पडताना प्लेसमेंट विभागाचा फलक दिसला. चाकणच्या एका कारखान्याच्या मुलाखतींची सूचना होती आणि खाली एक ओळ: 'फक्त मुलांसाठी'.

शेजारी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी उभी होती. तिचे वडील भोसरीत लेथवर काम करतात. म्हणाली, "मॅडम, दरवर्षी असंच असतं."

मी संबंधित सरांना गाठले. "कंपनीच तसं मागते. दुसरी पाळी रात्री सुटते, मुलींची जबाबदारी कोण घेणार?"

हा प्रश्न जुना आहे. 1974 साली बंगळूरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी या विद्यार्थिनीने संस्थेच्या फलकावर टेल्कोची जाहिरात वाचली. स्त्रियांनी अर्ज करू नयेत, असे त्यात लिहिले होते. तिने थेट जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड धाडले. मुलाखत झाली ती आपल्या पिंपरीत, आणि नोकरीही मिळाली. पुढे 1976 च्या समान वेतन कायद्याने भरतीतल्या अशा भेदभावाला मनाई केली. 2015 साली महाराष्ट्राने कारखान्यांत स्त्रियांच्या रात्रपाळीची वाट मोकळी केली, पण सुरक्षिततेची जबाबदारी मालकावर टाकून. म्हणजे सरांच्या प्रश्नाचे उत्तर कायद्यातच आहे. जबाबदारी मालकाने घ्यायची. कॉलेजाने ती घ्यायला लावायची.

रात्रीचा चाकण रस्ता धोक्याचा आहे, आईबापांची काळजी खरी आहे, हे मी नाकारत नाही. पण रस्ता धोक्याचा असेल तर गाडी मागा. मुलीची संधी काढून घेणे हा त्यावरचा उपाय कसा? मुलींना निर्भय करायचे आणि नोकरीच्या दारात मात्र भीतीचेच कारण सांगायचे, ही कुठली रीत?

2024 पासून शासनाने 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, ठरावीक प्रवर्गांतल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ केले. चांगले झाले. पण फी माफ करून आत घेतलेल्या मुलीला शेवटच्या वर्षी फलकापाशी अडवायचे असेल, तर ती माफी कुणाच्या कामाची?

कंपनी काहीही मागो, भिंत कॉलेजाची आहे आणि टाचणीही कॉलेजाचीच. म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. 'फक्त मुलांसाठी' अशी सूचना लावायची नाही. मुलाखतीला येणाऱ्या प्रत्येक कंपनीला वाहतूक, स्वच्छतागृह आणि अंतर्गत समिती यांबद्दल लेखी विचारायचे. वर्गात मुली किती आणि नोकरी लागली किती जणींना, हा आकडा दरवर्षी त्याच फलकावर लावायचा. आणि महिला कक्षाने पुढच्या आठ मार्चला मेंदीऐवजी तो आकडा वाचून दाखवायचा.

त्या मुलीने अर्ज लिहिला आहे. खाली सही एकटीची आहे. पुढच्या अंकापर्यंत ती एकटीचीच राहता कामा नये.