पकडणाऱ्यानेच लिहिलेला इतिहास

खराडीच्या आयटी पार्कबाहेर चहा पिताना मित्राला सहज विचारून बघा, उमाजी नाईक कोण? ‘क्रांतिकारक ना?’ एवढ्यावर बहुतेकांची गाडी अडते. याच पुण्यात, खडकमाळ आळीत, ३ फेब्रुवारी १८३२ ला इंग्रजांनी त्यांना फाशी दिली.

पुढच्याच वर्षी रामोशी समाजावर इंग्रजीत पुस्तक आलं. लेखक कोण? कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश, उमाजींना पकडण्याच्या मोहिमेतलाच अधिकारी! पुस्तक टाकाऊ नाही, अभ्यासकांना ते आजही लागतं. पण आरोपीची कुंडली पोलिसाने मांडावी, तसंच ते.

अमेरिकेतल्या ओजिब्वे लोकांना त्या मानाने लवकर घरचा माणूस मिळाला. आईकडून ओजिब्वे असलेला विल्यम वॉरेन म्हाताऱ्यांजवळ बसून त्यांच्याच भाषेत ऐकत गेला आणि लिहीत गेला. १८५३ मध्ये, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी तो गेला. पुस्तक छापलं गेलं थेट १८८५ ला.

मॅकिंटॉशने महादेव कोळ्यांवरही लिहिलंय. त्या समाजातल्या डॉ. गोविंद गारेंनी ‘सह्याद्रीतील आदिवासी महादेव कोळी’ लिहिलं, तोवर शंभरावर वर्षं उलटली होती.

तुमच्या वर्गात रामोशी, कोळी, वडार, पारधी घरांतली मुलं असतील. कदाचित तुम्हीच असाल. मग प्रोजेक्टसाठी विकिपीडिया कशाला खरडायचा? दिवाळीला गावी गेलात की आजीसमोर मोबाइलचा रेकॉर्डर सुरू करा. आणि मध्येमध्ये बोलू नका, प्लीज.