ट्रॅक्टर अर्धा तास बांधावर राहू द्या

आमचा मळा गावापासून दीड किलोमीटर. दिंडोरी तालुक्यात कितीतरी कुटुंबं अशी मळ्यात राहतात. पोरं सकाळी एकेकटी, दोघं-दोघं शाळेच्या रस्त्याला लागतात आणि नेमकी तीच वेळ आम्हा द्राक्षवाल्यांच्या घाईची. गोडी छाटणीनंतर ढगाळ हवा आली की ब्लोअर या बागेतून त्या बागेत पळतात. हंगामात सकाळी काढलेल्या मालाचे क्रेट घेऊन पिकअप पॅकहाउसकडे सुटतात.

नोव्हेंबरात आमच्याच ब्लोअरला बाजू देताना तिसरीतली एक मुलगी साईडपट्टीवरून खाली गेली. तिथे डांबराची कड वीतभर उंच आहे, पलीकडे वेडी बाभूळ. गुडघा फुटला, दप्तर चारीत पडलं. मी धावत गेले तर ती रडत नव्हती. भिजलेलं गणिताचं पुस्तक बाहीला पुसत होती. "काकू, बाई रागावतील," एवढंच म्हणाली. ते ऐकून मला रात्री झोप लागली नाही. ट्रॅक्टर आमचा होता.

गतिरोधकासाठी, साईडपट्टीसाठी बांधकाम खात्याला निवेदन द्यावंच. पण आमच्या शाळेच्या रस्त्यावर सकाळी धावणारी बहुतेक वाहनं गावातलीच आहेत. कुणाचा ट्रॅक्टर आला हे नुसत्या आवाजावरून कळतं. मग त्याच्या ओट्यावर जाऊन बोलायला निवेदन कशाला लागतं?

आणि आपल्याला हे जमतं. याच तालुक्यातल्या वाघाड धरणाचं पाणी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था वाटून घेऊ लागल्या. बापूसाहेब उपाध्ये, भरत कावळे यांनी त्यासाठी बांधावर बैठका घेतल्या. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाणी आधी, हे तिथे लोकांनी मान्य केलं. हातातोंडाशी आलेलं पाणी पुढे जाऊ देणारी माणसं पोरांसाठी अर्धा तास रस्ता सोडणार नाहीत, हे मला पटत नाही.

म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत मी मागणी मांडली: शाळा भरण्याआधीचा आणि सुटल्यानंतरचा अर्धा तास ट्रॅक्टर, ब्लोअर, पिकअप त्या रस्त्यावर आणायचे नाहीत. एक भाऊ म्हणाले, "फवारणी लांबली तर डाऊनी थांबेल का?" प्रश्न खरा आहे, डाऊनीने बाग गेलेली मीही पाहिली आहे. पण बागेत फवारणी चालूच राहू द्या. फक्त त्या अर्ध्या तासात ब्लोअर रस्त्यावर काढू नका, आणि रस्त्याकडेच्या ओळी पोरं गेल्यावर घ्या. औषधाचा तो फवारा त्यांच्या नाकातोंडात जातो.

दुसरी गोष्ट सोबतीची. जपानमध्ये शेजारची मुलं गट करून शाळेला चालत जातात, मोठी माणसं झेंडी घेऊन रस्ता ओलांडून देतात. आपणही टेलपासूनच सुरुवात करावी. सगळ्यात लांबच्या वस्तीवरचं पोर आधी निघेल, वाटेत बाकीची मिळत जातील, सोबत एक मोठं माणूस. रस्त्याच्या उजव्या कडेने चालायचं, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते.

एक गोष्ट मात्र कटू आहे. नववी-दहावीतल्या मुलांच्या हाती आपण कौतुकाने ट्रॅक्टर, बुलेट देतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर यासाठी पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कैदेचं राहू द्या, समोरून येणारं पोर आपल्याच भावकीतलं असतं.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला ठेवल्या आहेत. त्या जागा सह्यांपुरत्या नाहीत. येत्या ग्रामसभेत अर्ध्या तासाचा हा ठराव आम्ही बायाच मांडणार आहोत. सोबतीच्या पाळ्या लावल्या आहेत, बुधवार माझा. घरच्यांना सांगून ठेवलंय, त्या सकाळी मी डब्यांना हात लावणार नाही. कॅनॉलच्या पुलावर ती तिसरीतली मुलगी माझी वाट पाहत असते.