पेल्याचा घाम आणि विटाळाचे 'विज्ञान'

सोवळे-ओवळे म्हणजे आपल्या पूर्वजांचे आरोग्यशास्त्र होते, असा मजकूर मोबाइलवर फिरत असतो. त्यात पाण्याचा मुद्दा ठरलेला. मातीचे भांडे सच्छिद्र, त्यात दुसऱ्याच्या हातची घाण मुरते, म्हणून बाटलेला माठ फेकायचा आणि तांब्या-पितळेचे भांडे घासून शुद्ध करून घ्यायचे. बघा, केवढे विज्ञान! या मंडळींना आमची एकच विनंती आहे. विज्ञान काढलेच आहे तर ते पुरते काढा.

शहागडसारख्या गोदाकाठच्या गावात उन्हाळा माठावर निघतो. माठाच्या अंगावरचा ओलावा आतूनच झिरपलेला असतो. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर येते, त्याची वाफ होते, आणि जाताना ती वाफ माठाची उष्णता घेऊन जाते. वैशाखात हवा कोरडी, म्हणून पाणी गार. श्रावणात तोच माठ कुचकामी, कारण दमट हवेत वाफ होणेच मंदावते.

आता स्टीलच्या पेल्यात फ्रिजमधले पाणी ओता. पावसाळ्यात पाच मिनिटांत बाहेरून थेंब जमतात. स्टीलला छिद्र नाही, मग पाणी आले कुठून? शंका असेल तर आत लाल सरबत भरा आणि बाहेरचे थेंब पांढऱ्या फडक्याने टिपा. फडके लाल होत नाही. झाकण लावून पेला तोलला तर थेंब जमल्यावर तो जड भरतो. म्हणजे पाणी बाहेरून आले, हवेतून आले. ३० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास वाफ मावते; १० अंशाला साडेनऊ ग्रॅमच्या आसपासच. गार पेल्याला टेकलेली हवा थंडावली की न मावणारी वाफ तिथेच पाणी होऊन बसते. भूगोलाच्या पुस्तकात याला सांद्रीभवन म्हणतात. पहाटेचे दवही तेच. विल्यम चार्ल्स वेल्स या डॉक्टरने १८१४ साली त्यावर अख्खा प्रबंध छापला. (गाभाऱ्यातल्या थंड दगडावर हेच थेंब जमले की देवाला घाम फुटतो आणि दक्षिणेची ताटे भरतात, तो विषय वेगळा.)

आमचा प्रश्न पुढचा आहे. ही वाफ कुणाची?

गोदावरीची, उसाच्या रानाची, बौद्धवाड्यातल्या माठांची, मांगवाड्यातल्या वाळत घातलेल्या लुगड्यांची. माणूस घाम न येताही श्वासातून आणि कातडीतून दिवसाला साधारण पाऊण लिटर पाणी हवेत सोडतो. सगळी माणसे सोडतात. वाड्यातल्या चांदीच्या पेल्यावर जमलेल्या थेंबात ते सगळे मिसळलेले असते, आणि सोवळ्यातला माणूस तो पेला उचलतो तेव्हा त्याची बोटे त्याच पाण्याने भिजतात. हा विटाळ कोणत्या पंचगव्याने धुणार?

महाडला हाच प्रयोग झाला होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्यामागे हजारो माणसे चवदार तळ्याचे पाणी प्याली. त्या तळ्यावर गुरेढोरे पीत होती, मुसलमानांना मज्जाव नव्हता. तरी अस्पृश्यांच्या ओंजळीने तळे बाटले, आणि १०८ घागरी पंचगव्य ओतून ते 'शुद्ध' करण्यात आले. शेण आणि गोमूत्र पिण्याच्या पाण्यात ओतणाऱ्यांनी आम्हाला आरोग्यशास्त्र शिकवायचे? दावा हायकोर्टापर्यंत गेला आणि १९३७ साली निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. त्या दहा वर्षांत तळ्याची वाफ रोज उडून सनातन्यांच्या घराघरांत शिरत होती, तिच्यावर कुणी दावा लावला नाही.

आरोग्यशास्त्र असते तर हात तपासले असते. साताऱ्याच्या शाळेत लहान भीमरावाचे हात मळके आहेत का, हे कुणी पाहिले नाही. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसला तर तहान. खोकला झालेल्या सवर्ण पोराला तो नियम नव्हता. मातीला छिद्रे असतात हे त्यांना ठाऊक होते, हे आम्ही मान्य करतो. पण त्या ज्ञानातून निघालेला नियम जंतूंना लावला गेला नाही, जातीला लावला गेला.

हे जुने झाले म्हणणाऱ्यांनी ऑगस्ट २०२२ आठवावे. राजस्थानातल्या जालोर जिल्ह्यात नऊ वर्षांचा दलित विद्यार्थी मारहाणीनंतर दगावला. शिक्षकाच्या माठाला हात लावला म्हणून मारले, असे त्याच्या घरच्यांनी सांगितले.

तेव्हा शहागड परिसरातल्या गुरुजींना आमचे सांगणे आहे. सांद्रीभवनाचा धडा आला की फळ्यावर व्याख्या लिहून मोकळे होऊ नका. गार पाण्याचा पेला टेबलावर ठेवा, थेंब जमू द्या, आणि या पाण्यात वर्गातल्या कुणाकुणाचा श्वास आहे ते पोरांना विचारा. मग मधल्या सुट्टीत शाळेच्या माठाजवळ उभे राहा, आणि कोण स्वतः पाणी घेतो व कुणाला वरून वाढले जाते, ते पाहा.